वाहनकर्जातील अनाहूत रकमा व त्यांचा परतावा

जोहे व आसपासच्या गावांतून भाताची पोती, तसेच भाद्रपदापूर्वी गणेशमूर्ती वाहून नेण्यास टेम्पो लागतो, व तो बहुधा कर्जावर घेतला जातो. जमिनीच्या खरेदीखतातील चतुःसीमा बारकाईने तपासणारा खातेदार वाहनकर्जाच्या कागदांवर मात्र विक्रेत्याच्या दुकानात उभ्याउभ्याच सह्या करतो. नुकसानीचे मूळ येथेच आहे.

न मागितलेले उपकरण वा विमा कर्जात घातला म्हणजे त्याची किंमत मुद्दलात मिळते व तिजवरही व्याज चढते. समजा, अशी रक्कम १८,००० रुपये आहे. दरसाल दरशेकडा १० दराने ६० मासिक हप्त्यांत तिचे सुमारे २२,९०० रुपये भरावे लागतात.

अशा रकमा परत मिळतात, ह्यास दाखला आहे. एचडीएफसी बँकेच्या वाहनकर्जदारांस गाडीचा ठावठिकाणा दाखविणारी जीपीएस यंत्रे विकली गेली होती. बँकेने करावयाच्या धंद्याबाहेरचा हा व्यवहार ठरवून रिझर्व्ह बँकेने मे २०२१ मध्ये तिला १० कोटी रुपये दंड केला. पुढे बँकेने २०१३-१४ ते २०१९-२० ह्या वर्षांत कर्जासोबत यंत्र घेतलेल्यांस त्यावरील कमिशन परत करण्याचे जाहीर केले. ब्रिटनमध्येही १ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तीन ग्राहकांपैकी एकाचा दावा मान्य केला. त्याच्या प्रकरणी विक्रेत्यास मिळालेले कमिशन कर्जाच्या एकूण आकाराच्या ५५ टक्के असून ते त्यास नीट सांगितलेले नव्हते. उरलेल्या दोघांचे दावे मात्र टिकले नाहीत. यास्तव केवळ संशय पुरेसा नाही, पुरावा पाहिजे.

दाद मागण्याचा क्रम असा:

१. करारनामा, गाडीचे बिल, विमापत्र व कर्जखात्याचा उतारा मिळवून मुद्दल व बिल ताडून पाहावे.

२. अनाहूत रक्कम व्याजासह परत मागणारा लेखी अर्ज बँकेस अगर कर्ज कंपनीस देऊन पोच घ्यावी.

३. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाविलंब तक्रार करावी. ह्यास शुल्क नाही. पतसंस्था मात्र ह्या योजनेत येत नाहीत.

४. तेथे दाद न लागल्यास अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असून नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. व्यापारासाठी घेतलेले वाहन त्यात बसत नाही. परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतले असल्यास बसते, व तसे अर्जात स्पष्ट लिहावे.

नवे कर्ज घेणारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांस मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. ते कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे लागते, व त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवावा लागतो. त्यात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. म्हणून ते मागून घ्यावे, घरी नेऊन सावकाश वाचावे, व मगच सही करावी. साऱ्याच्या पावत्या जपणाऱ्या आपल्या घरांत हाही कागद त्याच दप्तरात असावा. परताव्याचा अर्ज उभा राहतो तो अशाच कागदावर.