जुन्या फळ्यांना रंग देताना

आमचे घर कोकणातले. खालच्या भिंती जांभ्या दगडाच्या. माडीला मात्र पुढच्या अंगाने फळ्यांची भिंत आहे. फळ्या फणसाच्या. वडिलांनी त्या १९५८ साली बसवल्या. दर पाच-सहा वर्षांनी त्यांवर रंगाचा एक हात चढत गेला. आधी लाल, मग निळा, मग हिरवा, मग पुन्हा निळा. तुमच्या घरी फळ्यांची भिंत नसेल. पण दारे, खिडक्या, खांब तर असतीलच ना? मग हा पाठ तुमच्याही कामाचा आहे.

२०१६ सालच्या श्रावणात आमच्या मनाने घेतले, की गणपतीच्या आत माडी रंगवायची. मुंबईहून मुलगा, सून आणि दोन वर्षांचा नातू येणार होते. मधे दोन दिवस पावसाने उघडीप दिली. आम्ही फळ्या फडक्याने पुसल्या आणि जुन्या रंगावरच नवा ऑइलपेंट मारला. गणपतीत घर कसे झकास दिसले! पाहुण्यांनी वाखाणले. आम्हीही मिशीत हसलो.

शिमग्याला पाहतो तो काय? फळ्यांवर फोड आलेले. बोट लावले की पोपडा निघे. तीन डबे रंग आणि दोन दिवसांची मेहनत फुकट गेली.

असे का झाले? लाकूड पाणी पिते. पावसाळ्यात दार फुगते आणि चौकटीत अडते, हे आपण दरसाल पाहतो. ते पाणीच लाकडात शिरलेले असते. फळी वरून पुसली म्हणून आतून वाळत नाही. अशा ओल्या फळीवर आम्ही ऑइलपेंटचे झाकण घातले. पुढे ऊन पडले. आतल्या पाण्याची वाफ बाहेर यायला निघाली आणि तिने रंगाला ढकलले. ओल्या पाटीवर पेन्सिल उमटत नाही, हे आम्ही पहिलीच्या मुलांना इतकी वर्षे सांगत आलो. घरच्या फळीच्या वेळी मात्र विसरलो.

मग लाकूड वाळले हे कसे ओळखावे? पावसात अडणारी खिडकी सहज लागू लागली आणि दोन फळ्यांमधली फट पुन्हा दिसू लागली, म्हणजे लाकूड वाळले समजावे. आमच्याकडे दिवाळीनंतर तीन-चार आठवड्यांनी ही वेळ येते. त्याआधी छपरावर चढून कौले पाहून घ्यावीत. वर कौल फुटलेले असेल, तर खाली कितीही रंग लावा, पाणी त्याच फळीत उतरणार.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. रंग गेला, पैसे गेले, हे आम्ही सोसले असते.

त्या शिमग्याला मुलगा कुटुंबासह आला होता. आम्ही माडीवर पटाशी आणि पॉलिशपेपर घेऊन बसलो. पोपडे खरवडले, फळ्या घासल्या. निळी-हिरवी धूळ खाली अंगणात पडत होती. नातू खाली खेळत होता. रंगीत कपच्या गोळा करी, ओंजळीत घेई, बोटे तोंडात घाली. आम्ही वरून कौतुकाने पाहत होतो.

तेवढ्यात वाडीतले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांची हयात मुंबईच्या गोदीत बोटी रंगवण्यात गेलेली. ते बेड्यातूनच ओरडले, "गुरुजी, आधी पोराला उचला! मग काय ते बोलू."

सुनेने मुलाला उचलले. म्हातारबुवांनी विचारले, "खालचा रंग किती सालचा?"

"वडिलांच्या वेळचा."

"मग त्यात शिसं आहे असं धरूनच चला. कोरडा घासायचा नाही. पाणी मारा."

शिसे म्हणजे मासे धरायच्या जाळ्याला जे वजन लावतात, तो धातू. पूर्वी रंग चांगला झाकावा, लवकर वाळावा, म्हणून त्यात शिशाची पूड घालीत. रंग फळीवर घट्ट बसलेला असेल, तोवर त्याचा त्रास नसतो. तो सुटला, घासला, की त्याची धूळ होते. ती धूळ हातावाटे तोंडात जाते, श्वासाबरोबर आत जाते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे शरीर शिसे जास्त ओढून घेते. त्याने मेंदूच्या वाढीला अपाय होतो. मूल शिकण्यात मागे पडते, रक्त कमी होते. अमुक इतके शिसे अंगात चालेल, असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि वाईट हे, की मूल वरून ठणठणीत दिसते.

आम्ही त्याच आठवड्यात नातवाला शहरातल्या डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासायला बाहेर पाठवले. उत्तर यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही. सून आम्हांला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते. शिसे थोडे चढलेले निघाले. डॉक्टर म्हणाले, "मुलाला धुळीपासून दूर ठेवा, खाण्यात दूध, हिरवी भाजी, नाचणी द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू." तीन महिन्यांनी ते उतरले होते.

त्याच साली, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घराच्या रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे घालू नये, असा केंद्र सरकारचा नियम लागू झाला. तेव्हा नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय छापले आहे, ते वाचून घ्यावे. आता वाचता येते, तर दुकानदाराच्या तोंडाकडे का पाहावे? पण फळीवरचा जुना रंग काही नियमाने बदलत नाही. तो तिथेच आहे.

पुढच्या मार्गशीर्षात आम्ही काम नव्याने केले. मुले आणि गरोदर बाया यांना आधी दुसऱ्या घरी पाठवले. खाली जुने प्लास्टिक अंथरले. जिथे रंग घट्ट होता, तो खरवडलाच नाही. सुटलेला भाग तेवढा पाणी मारून पटाशीने काढला आणि ओल्या वॉटरपेपरने घासला. पुष्कळ रंगारी ज्योत लावून जुना रंग जाळतात. ते करू देऊ नये. त्याचा धूर धुळीहून वाईट. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ त्यातून जाते. २०२० सालच्या करोनात एन-९५ मास्क सर्वांच्या ओळखीचे झाले, तसला घ्यावा. कपच्या प्लास्टिकातच गुंडाळून बांधाव्यात. शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. रंगवलेली जुनी फळी न्हाणीच्या चुलीत तर कधीच घालू नये. आमच्याकडे ही खोड फार आहे.

घासून झाल्यावर फळ्या आठवडाभर उन्हावाऱ्याला सोडल्या. दाभण टोचून पाहिले. दोन फळ्यांत ते भसकन शिरले. त्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. मग प्रायमरचा हात दिला आणि त्यानंतर भोकांत लांबी भरली. आधी लांबी भरली तर कोरडे लाकूड तिच्यातले तेल पिऊन टाकते आणि ती गळून पडते. फळीच्या कापलेल्या टोकांना रंग विसरू नये. पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरते.

रंग किती लागेल? आमची भिंत २० फूट लांब, ८ फूट उंच. २० गुणिले ८ म्हणजे १६० चौरस फूट. दोन हातांचे ३२०. एका लिटरमध्ये सुमारे १०० चौरस फूट होतात. म्हणजे सव्वातीन लिटर. तुमच्या भिंतीचा हिशेब पाटीवर करून पाहा.

दव वाळल्यावर सुरू करावे आणि ऊन कलण्याआधी थांबावे. तापलेल्या फळीवर रंग मारू नये; सावली जिथे असेल तिथे काम करावे. पहिला हात पुरता वाळल्यावर दुसरा द्यावा. आणि त्या रात्री खिडक्या उघड्याच ठेवाव्यात. लावल्या तर चौकटीला चिकटतात, आणि सकाळी ओढताना ओला रंग सोलून हातात येतो.