व्यसनोपचार आणि गरिबांचा आरोग्यविमा

व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून दीर्घकाळ चालणारा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले. त्याच्या उपचाराचा खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील ‘मेडिकेड’ या शासकीय विमायोजनेचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

केंद्र व राज्ये यांच्या संयुक्त खर्चाने ही योजना १९६५ साली सुरू झाली. मुलाबाळांची गरीब कुटुंबे, वृद्ध, अंध व अपंग यांना तिचा आधार मिळाला. अल्प मजुरीवर राबणारा एकटा प्रौढ माणूस मात्र बहुतेक राज्यांत बाहेरच राहिला. व्यसनापायी नोकरी गेली, घर तुटले, की माणूस नेमका याच वर्गात जाऊन पडतो.

ही उणीव २०१० च्या कायद्याने हेरली. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांस २०१४ पासून मेडिकेड खुले करण्याचे ठरले व त्यांच्या विम्यात व्यसनोपचार ही आवश्यक सेवा गणली गेली. तथापि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोडला. पुढे ४० राज्यांनी तो स्वीकारला. टेक्सास व फ्लॉरिडा त्यांत नाहीत. आजार तोच, मिळकतही तीच. परंतु रुग्ण सीमेच्या कोणत्या बाजूस राहतो यावर उपचार अवलंबून!

शिवाय विमा मिळाला म्हणजे उपचार मिळाला, असे नव्हे. अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनावर गुणकारी ठरलेले मेथाडोन केवळ परवानाप्राप्त केंद्रांतच मिळते आणि आरंभी त्यासाठी जवळजवळ रोज जावे लागते. ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी तर २०२२ अखेरपर्यंत डॉक्टरांस खास अनुमती लागत असे. २१ ते ६४ वयाचा रुग्ण १६ पेक्षा अधिक खाटांच्या मनोरुग्णालयात वा व्यसनोपचार संस्थेत दाखल झाल्यास केंद्राचा वाटा मिळत नाही, ही जुनी अट आणखी वेगळी. २०१५ नंतर अनेक राज्यांनी ती विशेष मंजुरीने सैल करून घेतली.

सर्वांत घातक असतो तो उपचारातील खंड. औषध थांबले की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास ती प्राणघातक ठरते. असे असता २०२३ मध्ये, महासाथीच्या काळातील संरक्षण उठताच, लाखो लोकांचा विमा केवळ कागदपत्रे अपुरी राहिल्यामुळे गेला. आता २०२५ च्या कायद्यानुसार या प्रौढांस दरमहा ८० तास काम, शिक्षण वा समाजसेवा केल्याचे दाखवावे लागणार असून राज्यांनी ही अट २०२७ च्या आरंभापर्यंत अमलात आणावयाची आहे. व्यसनाधीन रुग्णांस तीतून सूट आहे. ती सूट मिळविण्यासाठी रुग्णाने आपला आजार कोणाकडे, कोणत्या दाखल्याने आणि कितीदा सिद्ध करावयाचा, यावर पुष्कळांचे औषध चालू राहणे अवलंबून आहे.