आगीचे कारण आणि मृत्यूचे कारण

जळालेल्या इमारतीत ‘शॉर्ट सर्किट’ हे कारण शोधावे लागत नाही. वितळलेली तार कोठेतरी सापडतेच. परंतु तारेच्या टोकावरील तांब्याचा मणी आग विजेने लागल्याचे दर्शवू शकतो, तसेच आधीच भडकलेल्या आगीत आवरण जळून तारा परस्परांना भिडल्याचेही. म्हणून न्यायसहायक अभियंत्याने प्रथम आगीचे उगमस्थान निश्चित करावे, कारणाचा विचार त्यानंतर, असा या व्यवसायाचा दंडक आहे. पुराव्याशी न जुळणारे अनुमान, ते कितीही सोयीचे असले तरी, त्याने सोडून दिले पाहिजे. पोलिसांना व वृत्तपत्रांना उत्तराची घाई असते, तेव्हा हे साधत नाही.

दिल्लीत मुनिरकाच्या पूर्वेस काही किलोमीटरवर, ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आग लागली. तळमजल्यावर, वाहनतळालगत, दिल्ली विद्युत मंडळाचे १००० केव्हीए क्षमतेचे रोहित्र होते. त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास त्याने एकदा पेट घेतला होता. दुरुस्तीच्या वेळी केबलच्या टोकांची सॉकेटे दाबयंत्राने आवळण्याऐवजी डाय आणि हातोडा वापरून बसविण्यात आली. न्यायालयाने मान्य केलेला पुढील घटनाक्रम असा: जोड सैल राहिला, ठिणग्या पडू लागल्या, केबल निसटून रेडिएटरला टेकली, त्याच्या पात्याला छिद्र पडले आणि गळणाऱ्या तेलाने सायंकाळी पाचच्या सुमारास पेट घेतला. जळते तेल उभ्या मोटारींपर्यंत पोहोचले.

तपास येथेच थांबला असता, तर एका हातोड्यावर सारा दोष ठेवून प्रकरण मिटले असते. परंतु मृत्युमुखी पडलेले ५९ जण भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून गेले. ते बाल्कनीत होते. जिन्याच्या मार्गाने धूर वर चढला, आणि बाहेर पडण्याची वाट त्यांना मिळाली नाही. तेव्हा रोहित्राइतकेच बाल्कनीचे परीक्षण आवश्यक ठरले. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष आसनमांडणी शेजारी ठेवून पाहता, आठ आसनांच्या खाजगी कक्षाने उजवीकडील दार अडविल्याचे, आणि जादा आसनांसाठी उजवीकडील वाटेचा बळी दिल्याचे दिसून आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये चित्रपटगृहाच्या मालकांची दोषसिद्धी कायम केली, ती याच अडविलेल्या वाटांचा विचार करून.