पहिली अद्भुत कादंबरी आणि तिचे प्रकाशन

दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आमच्यापुढे दोन जाड वह्या आणून ठेवल्या. त्यांत तिने स्वतः रचलेली एक कादंबरी होती. हरवलेल्या भावाच्या शोधार्थ एक मुलगी निघते, सागाचे झाड तिला वाट सांगते आणि ती पाण्याखालच्या नगरीत जाऊन पोहोचते, असे तिचे कथानक. मुलीचे वडील शेतकरी आहेत. यंदाच्या कापसाच्या पैशांतून हे पुस्तक छापून देण्याची त्यांची तयारी होती. तिने विचारले, ‘‘सर, छापायचे का?’’ या लहानशा प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस जो विचार करावा लागला, तो विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. परीकथा म्हणजे पोरखेळ, असे पुष्कळांस वाटते. परंतु मराठी कादंबरीचे बालपण अद्भुताच्याच मांडीवर गेले आहे. बाबा पदमनजी यांनी 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मांडले हे खरे. तथापि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1868) या कादंबऱ्यांनी वाचकांस नेले ते अद्भुतरम्य सृष्टीत. आपल्या नित्याच्या जीवनात मनोरंजक असे फारसे घडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाची कैफियत रिसबुडांनी प्रस्तावनेत दिली होती. आपण इंद्रवेल्लीकर तर या बाबतीत अधिक भाग्यवान. पौष अमावास्येस केसलापूरच्या नागोबाकरिता मेस्राम मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. परधान किकरीच्या सुरांवर गोंडांच्या पूर्वजांच्या कथा गातात. अद्भुत आपल्या दारीच नांदत आहे.

आता स्वतःच पुस्तक प्रसिद्ध करण्याविषयी. यात कमीपणा मुळीच नाही. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंनी 1893 मध्ये एका आजारी मुलास पत्रातून सशाची सचित्र गोष्ट लिहून पाठविली. पुढे तिचे पुस्तक करावयाचे ठरविले, तेव्हा अनेक प्रकाशकांनी ते नाकारले. मुलांच्या चिमुकल्या हातांत मावेल असेच पुस्तक हवे, हा त्यांचा आग्रह होता. अखेर डिसेंबर 1901 मध्ये त्यांनी स्वखर्चाने 250 प्रती छापल्या, आणि 1902 मध्ये एका प्रकाशकाने तीच ‘पीटर रॅबिट’ची गोष्ट रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केली. अमेरिकेतील ख्रिस्तोफर पाओलिनी याने पंधराव्या वर्षी ‘एरागॉन’ ही अद्भुत कादंबरी लिहावयास घेतली. 2002 मध्ये त्याच्या कुटुंबानेच ती छापली, आणि त्याने शाळाशाळांतून व ग्रंथालयांतून हिंडून ती वाचकांपर्यंत नेली. 2003 मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा संपादित करून काढली. आपल्याकडे भा. रा. भागवत यांनी 1951 मध्ये पत्नी लीलावती भागवत यांच्या साथीने ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक काढले. ते पुढे बंद पडले, तरी ‘फास्टर फेणे’चा हा निर्माता मराठी मुलांच्या घरोघरी पोहोचलाच.

या उदाहरणांवरून ‘छापले की कीर्ती मिळते’ असा बोध कोणी घेऊ नये. पॉटरबाईंची गोष्ट आधी एका खऱ्या मुलाने वाचली होती. पाओलिनीच्या घरची माणसे त्याच्या श्रमांत वाटेकरी होती. प्रकाशक जे काम करतो, ते स्वप्रकाशनात नाहीसे होत नाही, ते लेखकाच्या माथी येते. मजकुराची छाननी, शुद्धलेखन, मुद्रिते तपासणे, मुखपृष्ठ, हिशेब आणि विक्री ही सारी कामे कोणी तरी केलीच पाहिजेत. देवनागरी मजकूर एका जुन्या टंकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे व रफार विस्कटतात. म्हणून शेवटचे मुद्रित ओळीओळीने वाचल्यावाचून छपाईस संमती देऊ नये. पुस्तकाची पाने बहुधा सोळा-सोळांच्या फर्म्यांत छापली जातात. एखादे पान सोळाच्या पटीबाहेर गेले, तर उरलेली पाने कोरी राहतात.

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. समजा, अक्षरजुळणी व मुखपृष्ठ यांस 8,000 रुपये लागले आणि पुढे प्रत्येक प्रतीस 60 रुपये. 100 प्रतींचा खर्च 14,000 रुपये, म्हणजे एका प्रतीस 140. 500 प्रतींचा खर्च 38,000 रुपये, म्हणजे प्रतीस अवघे 76. येथेच मोह उत्पन्न होतो. परंतु 150 रुपये किंमत ठेवून 90 प्रतीच खपल्या, तर हाती येतात 13,500 रुपये. पहिल्या बाबतीत तोटा 500 रुपयांचा. दुसऱ्या बाबतीत 24,500 रुपयांचा, आणि वर चारशे दहा प्रती घरात धूळ खात पडणार! आता यंत्रावर थोड्या प्रतीही छापून मिळतात. म्हणून पहिली आवृत्ती लहान असावी.

कायद्याच्याही चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. 1957 च्या कायद्यान्वये लेखन होताच त्याचा हक्क लेखकास मिळतो, नोंदणीची अट नाही. आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. पुस्तकास लागणारा तेरा अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांस प्रत्येकी एक प्रत पाठवावयाची असते. चौथी गोष्ट पालकांसाठी. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने बांधील ठरत नाही. तेव्हा पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्याशी बोलणी पालकांनीच करावीत. किती प्रती मिळणार आणि हक्क कोणाकडे राहणार, हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

आणखी एक कर्तव्य आपल्या भागास विशेष लागू आहे. मार्लवाई येथे 1940 नंतरच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे शिक्षण सुरू झाले, आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी भाषेचे व्याकरण लिहिले. त्यांनी जे घेतले ते कोणाकडून घेतले, हे जगास सांगितले. आपणही परधानाच्या तोंडून ऐकलेली कथा कादंबरीत गुंफली, तर त्याची संमती घ्यावी आणि प्रस्तावनेत त्याचे ऋण नोंदवावे. तिला केवळ आपल्या कल्पनेचे फळ म्हणणे ही चोरीच होय.

आम्ही त्या मुलीस सांगितले, ‘‘छाप, पण अजून नको.’’ रोज मधल्या सुट्टीत तिने ती कादंबरी सातवीच्या मुलांना वाचून दाखवावी, असे ठरले. नवव्या प्रकरणावर मुले जांभया देऊ लागली. तिने ते वर्गातच लाल शाईने खोडले आणि घरी जाऊन नव्याने लिहिले. पाण्याखालच्या नगरीची कल्पना आजीच्या एका गोष्टीतून आली, हे तिने आपण होऊन वहीच्या पहिल्या पानावर नोंदविले. उन्हाळ्यात शंभर प्रती काढावयाच्या आहेत. वडिलांच्या कापसाचे उरलेले पैसे पुढच्या पेरणीच्या बियाण्यास राहतील. वाचकहो, त्या शंभरांपैकी एक प्रत आपण मूल्य देऊन घ्यावी आणि वाचून काय वाटले ते लेखिकेस निःसंकोच कळवावे.