आपला उकिरडा आणि शेजाऱ्याची विहीर

गारखेडा हें एके काळीं औरंगाबादेबाहेरचें खेडें होतें. आज तें छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेच्या हद्दींतील दाट वस्तीचा भाग आहे. खेड्याचें शहर झालें म्हणजे परसांतील उकिरडा दृष्टीआड होतो, परंतु नाहींसा होत नाहीं. तो कोठें जातो व त्याचें मोल कोण देतो, हें या धड्यांत पाहूं.

अनेक वर्षें या शहराचा कचरा पूर्वेकडील नारेगांव येथें टाकला जात असे. ओला कचरा कुजला म्हणजे त्यांतून काळें पाणी पाझरतें. आपल्या भागांतील मुरूम व भेगाळ काळा पाषाण यांतून तें खालीं उतरतें आणि विहिरींस मिळूं शकतें. ढीग पेटला म्हणजे प्लॅस्टिकचा धूर लहानमोठ्यांच्या छातींत जातो; माशा व मोकाट कुत्रीं वाढतात. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्यें नारेगांव, मांडकी व आसपासच्या गांवकऱ्यांनीं कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहरांत त्या वेळीं दररोज सुमारें ४०० टन कचरा निघत असे. तो रस्त्यांच्या कडेस सांचूं लागला. मग गाड्या मिटमिट्याकडे वळविल्या. तेथेंही लोक उठले, आणि ७ मार्च रोजीं दगडफेक, जाळपोळ व लाठीमार झाला. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें नारेगांव येथें कचरा टाकण्यास मनाई केली.

नारेगांवचे लोक हट्टी व मिटमिट्याचे रागीट, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जागा बदलल्यानें घाण संपत नाहीं. ती दुसऱ्याच्या दारीं जाते, इतकेंच. पुढें चिकलठाणा, पडेगांव, हर्सूल व कांचनवाडी येथें कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचीं केंद्रें निघालीं. कांचनवाडीस ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची योजना झाली. परंतु ओलें व सुकें घरींच निराळें केलें नाहीं, तर असें कोणतेंही यंत्र नीट चालत नाहीं. म्हणून या कामाचा आरंभ प्रत्येकाच्या चुलीपाशीं आहे.

शहराच्या कारभाऱ्यांवर कायद्यानेंही एक जबाबदारी घातली आहे. महाराष्ट्रांत महानगरपालिकेच्या आयुक्तांनीं दर वर्षीं जुलै संपण्यापूर्वीं शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभेपुढें ठेवावयाचा असतो. हा अहवाल म्हणजे वैद्यानें नाडी पाहणें होय. नाडी न पाहतां औषध देणें धोक्याचें. आणि नाडी पाहून औषधच न देणें, हें तर त्याहून वाईट.

खेड्यांतही अशी पाहणी होते. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, आरोग्य खातें पिण्याच्या पाण्याचीं ठिकाणें तपासून ग्रामपंचायतीस लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड देतें. लाल कार्ड म्हणजे सांथीचा मोठा धोका. आपल्या पंचायतीस कोणतें कार्ड मिळालें आहे, हें किती वाचकांस ठाऊक आहे?

पाहणीस मोठी पदवी लागते असेंही नाहीं. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जामखेड येथें काम आरंभिलें, तेव्हां खेड्यांतील साध्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांस शिकवून आरोग्यसेविका केलें. गांवांतील आजाराचीं कारणें ओळखून तीं दूर करण्यांत याच स्त्रिया पुढें झाल्या. त्यांनीं केलें तें आपणांसही करतां येईल.

१. प्रत्येक विहीर, हातपंप व नळ पाहावा. उकिरडा, गोठा व शौचखड्डा त्यापासून किती पावलांवर आहे, हें लिहावें.

२. जुलाब, कावीळ व ताप कोणत्या वस्तींत आणि कोणत्या महिन्यांत होतात, याची नोंद ठेवावी. नांवें लिहूं नयेत. १८५४ सालीं लंडन शहरांत डॉ. जॉन स्नो यांनीं पटकीनें मेलेल्यांचीं घरें नकाशावर मांडलीं, तेव्हां तीं बहुतेक एकाच पंपाभोंवतीं आढळलीं. त्या पंपाचा दांडा काढून ठेवण्यांत आला.

३. पाण्यांत टी. सी. एल. पावडर वेळेवर पडते कीं नाहीं, हें जलसुरक्षकास विचारावें.

४. ही नोंद ग्रामसभेंत वाचून दाखवावी व ग्रामपंचायत विकास आराखड्यांत तिच्यावरील उपाय घालण्याचा ठराव लिहून घ्यावा. तोंडी आश्वासनावर थांबूं नये.

५. आपल्या गांवचें सांडपाणी ओढ्यानें खालच्या कोणत्या गांवास जातें, हेंही पाहावें.

गांवाचा उकिरडा बहुधा कोणाच्या वस्तीलगत असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच त्या वस्तीनें ग्रामसभेंत गप्प बसूं नये. परंतु आपल्या दारचा ढीग हटवितांना तो आपल्याहून दुबळ्याच्या दारीं टाकला जाणार नाहीं, हेंही पाहणें आपलेंच काम आहे. ज्या योजनेंत शेजाऱ्याची विहीर मोजली गेली नाहीं, ती योजना अपुरी होय.

विचारासाठीं प्रश्न : (१) नारेगांवचा कचरा मिटमिट्याकडे नेल्यानें प्रश्न कां सुटला नाहीं? (२) आपल्या गांवाचा उकिरडा कोठें आहे, व त्याच्या सर्वांत जवळचें घर कोणाचें? (३) पुढील ग्रामसभेंत ही नोंद कोण वाचील?