नगराची इमारत आणि पाणथळ जमीन

सार्वजनिक वाचनालयाची किंवा शाळेची इमारत कालांतराने अपुरी पडू लागते. अशा वेळी तिच्यालगतची सखल, ओली व झुडपांनी भरलेली जागा पडीक समजून तीवर भराव टाकण्याचा विचार सहज सुचतो. परंतु ती जागा खरोखरच निरुपयोगी असते काय? आणि तिचा निवाडा कोणी करावा? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने या प्रश्नांची जी उत्तरे दिली आहेत, ती अभ्यासण्याजोगी आहेत.

पाणथळ जमिनीचे कार्य

पाणथळ जमीन पावसाचे पाणी साठवून ठेवते व नंतर ते सावकाश सोडते. तेथील दाट वनस्पतींमुळे प्रवाहाचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि पुढे जाणारे पाणी अधिक स्वच्छ होते. मासे, पक्षी व बेडूक यांचे ते आश्रयस्थान असते.

या कार्याचे मोल बॉस्टन शहराजवळून वाहणाऱ्या चार्ल्स नदीने दाखवून दिले. पूरनियंत्रणाचा विचार करताना अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांना असे आढळले की, नदीच्या वरच्या भागातील पाणथळ जमिनी धरणाचेच काम करीत आहेत. तेव्हा नवे बांधकाम करण्याऐवजी त्या जमिनीच राखाव्यात, अशी योजना त्यांनी मांडली. १९७४ साली तिला अमेरिकेच्या संसदेची मंजुरी मिळाली. १९८३ पर्यंत सुमारे ८,१०० एकर जमीन खरेदी करून किंवा तीवरील हक्क मिळवून सुरक्षित करण्यात आली.

निवाड्याचा अधिकार

१९५७ साली या राज्याने प्रत्येक नगराला निसर्गरक्षण मंडळ स्थापण्याची मुभा दिली. मंडळात तीन ते सात सभासद असतात. पाणथळ जमिनींच्या रक्षणासाठी १९६३ साली किनाऱ्यावरील व १९६५ साली अंतर्भागातील जमिनींकरिता कायदे झाले. १९७२ साली ते एकत्र करण्यात आले, आणि त्यांची अंमलबजावणी प्रथमतः या स्थानिक मंडळांकडे आली.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाचनालय नगराचे असले, तरी नगराला आपल्याच मंडळापुढे अर्जदार म्हणून उभे राहावे लागते. अर्जाचे शुल्क नगराला माफ आहे. परीक्षण मात्र माफ नाही.

परीक्षणाची रीत

प्रथम पाणथळ जमिनीची सीमा ठरवितात. जेथे निम्म्या किंवा त्याहून अधिक वनस्पती ओलाव्यात वाढणाऱ्या जातींच्या असतात, ती भूमी पाणथळ समजली जाते. मातीही साक्ष देते. दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेल्या मातीचा रंग करडा होतो व तीत तांबूस ठिपके दिसतात. या सीमेपासून १०० फुटांपर्यंतच्या कामाचीही मंडळाला छाननी करता येते.

परिपूर्ण अर्ज आल्यावर २१ दिवसांच्या आत जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना वृत्तपत्रात प्रसिद्ध होते व शेजाऱ्यांनाही कळविली जाते. येथे मंडळाला संयम पाळावा लागतो. वाचनालय हवे की नको, त्याला किती खर्च यावा, ते सुंदर दिसेल काय, हे प्रश्न या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. पाणीपुरवठा, भूजल, पूरनियंत्रण, प्रदूषणप्रतिबंध, मत्स्यजीवन, वन्यजीवांचा अधिवास अशा कायद्याने नेमून दिलेल्या हितांना बाध येतो काय, एवढेच मंडळाने पाहावयाचे असते. सुनावणी संपल्यावर २१ दिवसांत लेखी आदेश द्यावा लागतो. तो अमान्य असल्यास राज्याच्या पर्यावरण खात्याकडे दाद मागता येते. नगरातील दहा रहिवासी एकत्र येऊनही ती मागू शकतात.

अटींमागील गणित

समजा, नव्या दालनाचे छप्पर ५,००० चौरस फुटांचे आहे. त्यावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे जवळजवळ ११,८०० लिटर पाणी जमते. पूर्वी यातील बरेचसे पाणी मातीत मुरत असे. आता ते एकदम वाहू लागेल. म्हणून ते जिरविण्याची सोय करण्याची अट घालतात.

पुराच्या पाण्याखाली जाणाऱ्या जागेवर भराव टाकल्यास तेवढेच घनफळ दुसरीकडे, त्याच उंचीच्या पातळीवर, मोकळे करावे लागते. खोल खड्डा खणून भागत नाही. कारण तो आधीच पाण्याने भरलेला असेल, तर पूर चढताना त्यात नवे पाणी मावणार नाही.

नदीनाल्यांना किंवा तळ्यांना लागून असलेल्या, वनस्पतींनी व्यापलेल्या पाणथळ जमिनीचा ५,००० चौरस फुटांपर्यंतचा भाग नष्ट होणार असेल, तर मंडळ त्याला परवानगी देऊ शकते. परंतु निदान तितक्याच क्षेत्राची बदली पाणथळ जागा निर्माण करावी लागते. दोन हंगामांच्या आत तिच्या ७५ टक्के पृष्ठभागावर स्थानिक पाणवनस्पती रुजल्या पाहिजेत. तथापि कागदावरील अट व प्रत्यक्षातील दलदल यांत अंतर पडते. या राज्यातील अशा बदली जागांची एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक ठिकाणी नियमांचे पालन झालेले आढळले नाही. म्हणून आराखडा काढतानाच इमारत थोडी सरकविणे किंवा एका मजल्याऐवजी दोन मजले बांधणे, हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

वाचनालय आणि पाणथळ जमीन ही दोन्ही सार्वजनिक हिताचीच साधने होत. एकाची गरज सर्वांना दिसते. दुसरीचे कार्य मात्र पूर येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. हे न दिसणारे कार्य इमारत उभी राहण्यापूर्वीच सर्वांसमोर मांडणे, हा या परीक्षणाचा खरा उपयोग होय.

अभ्यास

१. आपल्या शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा व एक इंच पावसात त्यावर किती लिटर पाणी जमेल ते काढा. (एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर.)

२. ते पाणी कोठे वाहत जाते याचा नकाशा काढा.

३. गावाजवळील एखाद्या सखल जागेतील वनस्पतींची व मातीच्या रंगाची नोंद करा. ती जागा पाणथळ म्हणता येईल काय, ते सकारण लिहा.