‘रिडीम’ : गहाण सोडविणारा शब्द

इंग्रजी पवित्र शास्त्र वाचणाऱ्या आपल्या उपदेशकांस ‘रिडीम’ हें क्रियापद वारंवार भेटतें. अलीकडे तें खेड्यांतील मुलांच्याहि ओळखीचें झालें आहे. कारण फोनवर ‘कूपन रिडीम करा’ अशी सूचना येते. उपासनेनंतर एखाद्या तरुणानें विचारलें कीं, “मास्तर, दुकानाचें कूपन आणि प्रभूनें केलेला उद्धार, ह्या दोहोंस एकच शब्द कसा?” तर त्यास काय उत्तर द्यावें, हें ह्या पाठांत पाहूं.

शब्दाचें मूळ. लॅटिन भाषेंत ‘एमेरे’ म्हणजे विकत घेणें. त्यास ‘परत’ ह्या अर्थाचा उपसर्ग लागून ‘रेदिमेरे’, म्हणजे परत विकत घेणें, हें क्रियापद झालें. त्यापासून पंधराव्या शतकांत इंग्रजींत ‘रिडीम’ आला. खंडणी ह्या अर्थाचा ‘रॅन्सम’ हा शब्दहि त्याच मुळापासून जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेनें आला. म्हणजे हे दोघे एकाच घरचे भाऊ होत. त्यापूर्वीं, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, विक्लिफाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी शास्त्रांत ईयोब १९:२५ येथें उद्धारकर्त्यास ‘पुन्हा विकत घेणारा’ अशा अर्थाचा साधा देशी शब्द घातला होता. त्या लोकांनींहि देवाचें महत्कृत्य सांगण्यासाठीं बाजारांतला शब्द घेण्यास कमीपणा मानला नाहीं.

व्यवहारांतील अर्थ. गहाण सोडविणें, कर्जरोख्याची रक्कम परत करणें, दिलेलें वचन पुरें करणें, कूपन देऊन माल घेणें, ह्या सर्वांस इंग्रजींत हेंच क्रियापद लागतें. आपल्या देशाच्या १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमांत गहाण सोडवून घेण्याचा हक्क ह्याच शब्दानें सांगितला आहे. शेतकऱ्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. शेत गहाण पडलें म्हणजे मूळ धन्याचा हक्क बुडत नाहीं. तरी देणें फिटल्यावांचून तें मोकळेंहि होत नाहीं. ह्या शब्दांत दोन गोष्टी आहेत : वस्तु मुळांत आपली असते, आणि तिच्यासाठीं मोल द्यावें लागतें.

शास्त्रांतील अर्थ. जुन्या करारांत ‘गाअल’ हा इब्री शब्द आहे. लेवीय २५ व्या अध्यायाप्रमाणें भाऊ दरिद्री होऊन त्यानें आपलें वतन विकलें, तर जवळच्या नातलगानें तें सोडवावें. तो स्वतः विकला गेला, तर नातलगानें त्यासहि सोडवावें. रूथ ४ थ्या अध्यायांत अधिक जवळचा एक नातलग शेत घेण्यास प्रथम तयार झाला. परंतु रूथचाहि भार उचलावा लागेल असें ऐकतांच आपल्या वतनाचें नुकसान होईल म्हणून मागें सरला. बवाजानें मात्र दोहोंचा भार पतकरला. नव्या करारांत ‘लुत्रोन’ हा ग्रीक शब्द येतो. गुलामास किंवा कैद्यास सोडविण्यासाठीं द्यावयाचें मोल तें लुत्रोन. मार्क १०:४५ व १ पेत्र १:१८-१९ हीं वचनें ह्या दृष्टीनें वाचावीं.

मराठी शब्द. उद्धार म्हणजे वर काढणें, मुक्ति म्हणजे सुटका, तारण म्हणजे पार नेणें. हे सर्व शब्द चांगले आहेत. पण मोल कोणीं दिलें, हें त्यांत ऐकूं येत नाहीं. तें ‘खंडणी’ ह्या शब्दांत ऐकूं येतें. परंतु आज वर्तमानपत्रांत खंडणी म्हणजे गुंडांनीं दहशतीनें उकळलेला पैसा. म्हणून उपदेशकानें तेथें थांबून सांगावें कीं, येथें खंडणी म्हणजे सोडवणुकीचें मोल. तें कोणास दिलें, असें श्रोते विचारतील. तिसऱ्या शतकांतील ओरिजेन ह्यानें ‘सैतानास’ असें म्हटलें. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या आन्सेल्मानें सैतानाचा असा कांहींच हक्क नाहीं, असें प्रतिपादिलें. मार्काच्या वचनांत मोल सांगितलें आहे, सुटणारेहि सांगितले आहेत. घेणाऱ्याचें नांव नाहीं. दृष्टांत तेथपर्यंतच न्यावा.

आजच्या इंग्रजींत ‘स्वतःस रिडीम करणें’ असाहि प्रयोग आहे. चुकलेल्या माणसानें चांगलें कृत्य करून गेलेली अब्रू परत मिळविणें, असा त्याचा अर्थ. लोकांमध्यें तें ठीक. परंतु जिवाच्या सोडवणुकीचें मोल मनुष्याच्या आवाक्याबाहेरचें आहे, असें स्तोत्र ४९:७-८ शिकवितें. येथेंच त्या तरुणास उत्तर मिळतें. कूपनाचा कागद कवडीमोल असतो. त्याची भरपाई दुसऱ्यानें पतकरलेली असते, म्हणून हातांत माल पडतो. आपल्या सोडवणुकीचें मोलहि दुसऱ्यानेंच भरलें आहे.

आतां एक गोष्ट मंडळीपुढें ठेवावी. लेवीय २५:३६ मध्यें गरीब भावाकडून व्याज घेण्याची मनाई आहे. असें असतां एका बंधूचें शेत दुसऱ्या बंधूनेंच व्याजानें गहाण घ्यावें, आणि रविवारीं दोघांनींहि एकाच सतरंजीवर बसून सोडवणुकीचें गीत गावें, हें कसें? ज्याचें देणें दुसऱ्यानें फेडलें, त्यानें बवाजासारखें व्हावें, त्या मागें सरणाऱ्या नातलगासारखें होऊं नये.

विचारण्याचे प्रश्न. १. गहाण पडलेलें शेत कोणाचें? २. पहिला नातलग मागें कां सरला? ३. आपल्या मंडळींत सोडवणुकीची वाट पाहणारा कोण आहे, आणि त्याचा जवळचा नातलग कोण?